सुभेदार रामजी सकपाळ : रात्री दोनला पोराला उठवणारा बाप



आपल्या विहाराच्या स्मरणिकेत दरवर्षी बाबासाहेबांवर लेख येतात, माता रमाईवर येतात. यंदा मी बाबासाहेबांच्या वडिलांवर लिहायचं ठरवलं. त्याला कारणही तसंच घडलं. मागच्या वर्षावासात एका रविवारी वंदना झाल्यावर मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला. एका बाजूची मंडळी म्हणू लागली की आपली पोरं मागं राहतात ती घरामुळे. घरात टीव्ही चालू, मोबाईल चालू, बापाचं लक्ष नाही, आईला वेळ नाही, मग पोरगं शिकणार कसं? दुसऱ्या बाजूचे म्हणाले, आईबापाला कशाला बोल लावता? सरकार शाळेवर पैसा घालत नाही, वर्गाला मास्तर नाही, फी परवडत नाही, मग नुसत्या आवडीनं काय होणार? वाद एवढा वाढला की शेवटी सरणत्तय घ्यायचं राहून गेलं.

गंमत अशी की दोन्ही बाजूंनी दाखला दिला तो एकाच माणसाचा, सुभेदार रामजीबाबांचा. एक म्हणे, एवढ्या गरिबीत त्यांनी पोरगा शिकवलाच ना? दुसरा म्हणे, बडोद्याची स्कॉलरशिप नसती तर काय केलं असतं? मी घरी आलो, जुनी पुस्तकं काढली आणि रामजीबाबांचं चरित्र त्या एका प्रश्नासाठी पुन्हा वाचलं. मी गिरणीत साच्यावर काम केलेला माणूस. माझं शिक्षण नववीपर्यंत, बाकीचं वाचनालयात. तेव्हा विद्वानांनी चूकभूल पोटात घालावी.

रामजी मालोजी सकपाळ यांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजी हेसुद्धा पलटणीत होते. त्या काळी कोकणातल्या महाराच्या पोराला गावच्या शाळेचा उंबरठा चढायला मिळत नव्हता. मग रामजीबाबा शिकले कुठे? तर पलटणीत. इंग्रज सरकारच्या सैन्यात शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं, मुलग्यांना आणि मुलींनाही. शाळा सरकारच्या खर्चाची, मास्तर सरकारच्या पगाराचा. रामजीबाबांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचं शिक्षण घेतलं आणि पुढे चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर म्हणून काम केलं. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. मराठी उत्तम, इंग्रजी चांगलं, हिशेब पक्का.

इथं थोडं थांबून विचार करा. रामजीबाबांना शिक्षणाची जी आवड होती ती त्यांनी आभाळातून आणली नव्हती. कुणीतरी शाळा काढली होती, तिच्यावर पैसा खर्च केला होता आणि तिच्यात जातीमुळे दार लावलं नव्हतं. म्हणून एका पिढीला अक्षर मिळालं, आणि त्या पिढीच्या घरात आवड तयार झाली. इंग्रजांना काही आपला कळवळा नव्हता, त्यांना हुकूम वाचणारा शिपाई पाहिजे होता. पण त्यांच्या गरजेतून आपल्या घरात दिवा लागला ही गोष्ट खरी आहे, आणि बाबासाहेबांनीही ती लिहून ठेवली आहे.

रामजीबाबांचं लग्न मुरबाडकरांच्या भीमाबाईंशी झालं. त्यांचे वडीलही सैन्यात सुभेदार मेजर होते. म्हणजे दोन्हीकडून शिकलेलं घर. दोघांना चौदा मुलं झाली. चौदावं अपत्य भीमराव, जन्म महू छावणीत, १४ एप्रिल १८९१. पुढे जगली ती बाळाराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा, तुळसा या मुली. बाकीची लहानपणीच गेली. त्या काळच्या छावणीतल्या घराचाही हा हिशेब होता, हे आजच्या पोरांनी ध्यानात ठेवावं.

घर कबीरपंथी. दारू नाही, मांस नाही. सकाळ-संध्याकाळ भजन, दोहे, पोथी. रामजीबाबा पोरांना रामायण, महाभारत वाचायला लावायचे. बाबासाहेबांना ते आवडत नव्हतं आणि त्यांनी वडिलांना तसं विचारलंही. वडिलांचं उत्तर असं होतं की आपण अस्पृश्य असल्यामुळे आपल्या मनात कमीपणा शिरण्याचा धोका आहे, आणि द्रोण, कर्ण अशी साध्या स्थितीतून वर आलेली माणसं वाचली की तो कमीपणा जातो. हे उत्तर बाबासाहेबांना पटलं नाही. पण बापानं पोराला प्रश्न विचारू दिला आणि उत्तर दिलं, कानफटीत दिली नाही. त्या काळच्या सुभेदाराच्या घरात ही साधी गोष्ट नव्हती.

१८९२ च्या सुमारास सरकारनं महारांची सैन्यभरती बंद केली. रामजीबाबांनी हा घाव लगेच ओळखला. नोकरी गेली म्हणजे पगार गेला, आणि पलटण गेली म्हणजे पोरांची शाळाही गेली. त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून अर्ज तयार करवून घेऊन सरकारकडे दाद मागितली. भरती तेव्हा उघडली नाही. पण लक्षात घ्या, रामजीबाबा नुसते घरात पोरांना शिकवत बसले नाहीत, सरकारच्या दारातही गेले.

१८९४ च्या सुमारास ते निवृत्त झाले. पेन्शन महिना सुमारे ५० रुपये. काही काळ दापोलीच्या कॅम्पात, मग साताऱ्याला. तिथं सरकारी कामावर नोकरी धरली. साताऱ्यातच भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचा होता. पोरांना सांभाळलं ते रामजीबाबांच्या बहिणीनं, मीराबाई आत्यानं. तिची पाठ वाकलेली होती, पण सगळं घर तिनं त्याच पाठीवर घेतलं. पुढे रामजीबाबांनी दुसरं लग्न केलं, त्याचा राग भीमरावाच्या मनात बराच काळ होता. थोर माणसाच्या घरातही अशा गोष्टी असतात, त्या झाकून ठेवायचं कारण नाही.

रामजीबाबांची नोकरी पुढे खटाव तालुक्यात गोरेगावला होती. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायला घेतला होता, त्यावर ते खजिनदार होते. १९०१ साली पोरं त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरली, नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. जात कळली आणि कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरानंच बैल हाकायचे ठरले. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. जवळ डबा होता, पाणी नव्हतं, म्हणून अन्न तसंच राहिलं. पैसा होता, शिकलेला बाप होता, तरी पाणी नाही. वाद घालताना आपण हे तिसरं विसरतो.

शाळेतही तेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळा सरकारी, इमारत चांगली, मास्तर शिकलेले. पण पोरगं बसणार वेगळं, घरून नेलेल्या गोणपाटावर. तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतणार, शिपाई नसेल तर पाणी नाही. शाळेला नुसता पैसा देऊन भागत नाही, शाळेच्या आत बसलेल्या माणसाचं मनही लागतं. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी पोरावर माया करायचे हेही खरं आहे.

आता गिरणीवाल्यांसाठी एक गोष्ट. साताऱ्याला असताना भीमरावाचं अभ्यासात लक्ष नव्हतं. साताऱ्याची पोरं मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागतात असं त्यानं ऐकलं होतं. आपणही पळून जावं, गिरणीत लागावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं असं त्याच्या मनानं घेतलं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी चोरायचं ठरवलं. रात्री तिच्याजवळ झोपायचा आणि पिशवी काढायला बघायचा. तीन रात्री जमलं नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, आत निघाला फक्त अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याची पोराला एवढी लाज वाटली की त्यानं पळायचा विचार सोडला आणि अभ्यास करायचं ठरवलं. त्या पिशवीत दोन रुपये असते तर बाबासाहेब कदाचित माझ्यासारखेच सूत जोडत बसले असते. मी स्वतः खात्यात उभा राहून हा विचार कितीदा केला असेल.

पुढे रामजीबाबा सगळं बिऱ्हाड घेऊन मुंबईला आले, लोअर परळच्या डबक चाळीत. एकच खोली. त्यातच चूल, भांडी, लाकडं, धूर, माणसं. भीमराव आधी मराठा हायस्कुलात आणि मग एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकला. ही सरकारची शाळा होती आणि शहरातल्या चांगल्या शाळांत तिची गणना व्हायची. आता नोकरी नव्हती, पेन्शनवर घर. अशा खोलीत पोरगा अभ्यास करणार कसा?

रामजीबाबांनी काढलेली युक्ती आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. पोरानं संध्याकाळी लवकर झोपायचं. बाप रात्री दोनपर्यंत जागा राहायचा. दोन वाजले की पोराला उठवायचं आणि त्याच जागेवर स्वतः झोपायचं. मग घर शांत असताना दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास. त्याआधीपासूनच त्यांनी पोराचं इंग्रजी स्वतः घटवून घेतलं होतं. तर्खडकरांचे भाषांतराचे पाठ, हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं, रोज न चुकता.

आणि पुस्तकं? भीमरावाला शाळेबाहेरच्या पुस्तकांचं वेड. पोरानं पुस्तक मागितलं आणि बापाजवळ पैसे नसले तर रामजीबाबा लेकींकडे जायचे, उसने मागायचे. पैसे नसले तर लेकीचा दागिना घ्यायचा, मारवाड्याकडे गहाण टाकायचा, पुस्तक आणायचं आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत द्यायचा. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे सांगितली आहे.

ही गोष्ट आपण भाषणात नेहमी सांगतो आणि टाळ्या घेतो. पण मला यावेळी वाचताना लेकी दिसल्या. नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या, स्वतः गरीब, अंगावरचा एखादा दागिना भावाच्या पुस्तकासाठी काढून देणाऱ्या. आणि दिसला आनंदराव. दोन पोरांचा खर्च झेपेना म्हणून त्याची शाळा सुटली. तो रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागला. त्याच्या पगाराचा हातभार घराला होता. म्हणजे शाळेला, पुस्तकाला, फीला बाहेरून पैसा आला नाही की तो घरातूनच निघतो, आणि घरातला कोणीतरी एक त्यासाठी मागं राहतो. बहुतेक वेळा ती मुलगी असते, नाहीतर थोरला भाऊ. घरची आवड फुकट नसते, तिची किंमत कोणीतरी मोजतं.

रामजीबाबांचा पोरावर जीव होता, पण कौतुकाचा बाजार त्यांना मान्य नव्हता. भीमराव इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाला तेव्हा आपल्या लोकांनी सभा भरवून सत्कार करायचं ठरवलं. इतरांना ही काही मोठी गोष्ट नव्हती, पण आपल्या समाजातला तो पहिला मुलगा. रामजीबाबांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, एक परीक्षा तर पास झालाय, असं त्यांचं म्हणणं. मग लोक त्यांचे मित्र दादा केळुस्कर यांच्याकडे गेले. केळुस्करांनी समजूत घातली, सभा झाली आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं भगवान बुद्धांचं चरित्र मुलाला भेट दिलं. हे बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे. त्या पुस्तकापासून पुढे काय झालं ते सांगायला नको, आपलं विहारच त्याची साक्ष आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला, ७५० पैकी २८२ गुण. आजच्या पोरांना हे गुण कमी वाटतील. डबक चाळीच्या एका खोलीत, दोन वाजता उठून मिळवलेले ते गुण आहेत. त्याच सुमारास रमाईशी लग्न झालं, भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. नवरा-नवरी दोघंही लहान. शिक्षणाबाबत काळाच्या पुढे असलेले रामजीबाबा लग्नाच्या बाबतीत आपल्या काळातलेच होते.

मग एल्फिन्स्टन कॉलेज. थोड्याच काळात रामजीबाबांची ताकद संपली. आवड तेवढीच होती, जागरण करायची तयारी तेवढीच होती, पण पेन्शन वाढत नव्हती आणि लेकींचे दागिने पुरणार नव्हते. इथं केळुस्कर पुन्हा धावले. यंदे यांच्या मदतीनं त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत मुलाला नेलं. महाराजांनी महिना २५ रुपये स्कॉलरशिप मंजूर केली. हिशेब करा. अख्खं घर ज्या ५० रुपयांवर चालत होतं, त्याच्या निम्मी रक्कम एका पोराच्या शिक्षणासाठी आली. १९१२ साली भीमराव बी.ए.ची परीक्षा पास झाला.

सयाजीरावांनी ही रक्कम लहर लागली म्हणून दिली नाही. आपल्या संस्थानात १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं होतं आणि १९०६ साली ते सगळ्या राज्याला लागू केलं. तिजोरीतला पैसा शाळेवर घालायचा हे धोरण आधीच ठरलेलं होतं.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याला नोकरीवर गेला. जाऊ नये असं वडिलांचं मत होतं. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. भीमराव निघाला. वाटेत सुरत स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी सुटली. दुसऱ्या गाडीनं घरी पोचायला उशीर झाला. रामजीबाबा जणू त्याचीच वाट बघत होते. पोराच्या पाठीवर हात फिरवला आणि त्यांनी प्राण सोडला. तारीख २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा सरकारशी करार झाला, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचला, कोलंबिया विद्यापीठात. ज्या बापानं दोन वाजेपर्यंत डोळे ताणले, त्याला हे बघायला मिळालं नाही.

तर मंडळी, वादाचा निकाल काय? मला जे दिसलं ते सांगतो. पलटणीची शाळा नसती तर रामजीबाबा शिकले नसते आणि घरात आवड आली नसती. रामजीबाबा नसते तर सरकारी हायस्कूल असूनही पोरगं मध्येच सुटलं असतं, गिरणीत लागलं असतं. आणि बडोद्याचा पैसा नसता तर एवढा जागरूक बाप असूनही गाडी कॉलेजात अडली असती. घरची आवड मॅट्रिकपर्यंत ओढत घेऊन आली, तीही घरातल्या दोन-तीन माणसांची किंमत देऊन. घर आणि पैसा, यातलं एक काढून बघा, बाबासाहेब उभे राहत नाहीत.

बाबासाहेबांनी स्वतः हा धडा कसा घेतला ते बघा. त्यांनी समाजाला फक्त पोरं शिकवा असं सांगून सोडून दिलं नाही. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सोलापूरला वसतिगृह काढलं, कारण एका खोलीत अभ्यास होत नाही हे त्यांना डबक चाळीनं शिकवलं होतं. १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी सरकारचा हिशेब मांडला. शिक्षणावर सरकार माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांवर वसूल करतं. निदान जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, अशी त्यांची मागणी होती. शाळेत आलेल्या शंभर पोरांपैकी चौथीपर्यंत जेमतेम अठराच पोचतात हेही त्यांनी दाखवून दिलं. १९४४ साली व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ३ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या त्यांच्याच प्रयत्नानं सुरू झाल्या. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचं कॉलेज, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. एका सयाजीरावाच्या मर्जीवर समाजाची पोरं अवलंबून राहू नयेत, तो हक्क व्हावा, ही त्यामागची तळमळ होती.

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली करवीरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंडही ठेवला. राजानं आधी स्वतःची तिजोरी उघडली, मगच आईबापाला दंड लावला. आजच्या राज्यकर्त्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. कोठारी आयोगानं १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तोच आकडा पुन्हा लिहिला. तो आकडा देशानं अजून गाठलेला नाही.

आता शेवटचं, माझ्या घरातलं. माझा थोरला नववीतून सुटला तेव्हा मी तिसऱ्या पाळीत होतो. गिरणीत कधी काम, कधी बसकण. क्लासची फी थकली. मी त्याला आळशी म्हणालो, मारलंही. रात्री दोन वाजता मीही जागाच असायचो, पण साच्यापुढे. आज तो डिलिव्हरीचं काम करतो आणि आपल्या पोरीला मात्र शाळा चुकवू देत नाही. तेव्हा चूक माझी किती आणि परिस्थितीची किती, हे मी अजून मोजतोय. म्हणून कुणाच्या आईबापाला विहारात उभं करून नावं ठेवू नका, एवढी माझी विनंती आहे.

त्यापेक्षा दोन कामं करू. पहिलं, विहाराचा हॉल रात्री आठ ते अकरा अभ्यासासाठी उघडा ठेवू, आणि आपण मोठी माणसं पाळीपाळीनं तिथं बसू. शिकवता नाही आलं तरी चालेल, जागं राहता येतं. दुसरं, शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजे २००९ च्या कायद्यानं, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि निम्म्या जागा महिलांना. आपल्या वस्तीतल्या आयांनी तिथं जाऊन बसावं, मास्तर कमी का, पैसा आला तो गेला कुठे, हे विचारावं. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला ज्या पोरांना जमत नाही, त्यांना कॉलेजची पोरं विहारात बसून मदत करतील. आणि घरात एकाच्या शिक्षणासाठी मुलीचं शिक्षण थांबवायची वेळ आली, तर ती गोष्ट आधी विहारात सांगा. दागिना गहाण टाकायच्या आधी समाजाकडे या.

रामजीबाबांनी अर्जही केला आणि जागरणही केलं. आपल्यालाही दोन्ही करावं लागेल.

जय भीम, नमो बुद्धाय.